चौल ते दाभोळ : बिदरच्या दोन वेशी

मेहकरात समुद्राची गोष्ट काढली की पारावरचं कुणीतरी विचारतंच, "तिकडं काय पेरलंय का तुमचं?" भालकी तालुक्यातलं आमचं गाव तूर-सोयाबीन-ज्वारीचं. आमचा पाऊस येतो अरबी समुद्रावरून, पण पडलेलं पाणी मांजरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. ज्यानं पाऊस धाडला त्या समुद्राकडं आमचा थेंबही परत जात नाही. तेव्हा आपणच जावं, तेही सायकलीनं आणि काठाकाठानं, असं आम्ही चौघांनी ठरवलं. पण एवढ्या लांब किनाऱ्यातला कुठला तुकडा धरायचा?

उत्तर मिळालं एका रशियनाकडून. त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितीन 1470 च्या सुमारास विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. घाट चढून जुन्नरला आला. तिथल्या खानानं घोडा काढून घेतला, तो मोठ्या खटपटीनं सुटला. मग चिखल तुडवत तो बहमनींच्या राजधानीत, म्हणजे आमच्या बिदरला पोचला. आळंदच्या जत्रेतला घोडेबाजारही त्यानं लिहून ठेवलाय. उघड्या डोक्यानं हिंडणारी आपली माणसं पाहून तो चकित, आणि गोरा माणूस पाहून त्याच्यामागं लोकांची गर्दी! परतताना तो दाभोळहून होर्मुझच्या जहाजात बसला. चौलला उतरला, दाभोळला चढला. मधला किनारा आमच्यासाठी सोडून गेला. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर.

आखणी अशी : भालकीहून रेल्वेनं मुंबई, सायकली सामानाच्या डब्यात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडवा, मग अलिबागवरून रेवदंडा. तिथल्या शाळेच्या आवारात निकितीनचं स्मारक आहे. नारळ तिथंच फोडायचा. पुढं कोर्लई, काशीद, मुरूड. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, आणि आमच्या बिदरलाही हबशी कोट आहेच, त्यामुळं तिथं अगदीच परकं वाटायचं कारण नाही. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी, पुढं दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला पुन्हा बोट, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै आणि शेवटी दाभोळ. थंडीत दुपारनंतर वारा वायव्येकडून सुटतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडं जायचं; वारा पाठीशी राहतो.

हा मार्ग मी आधी एसटीनं पाहून आलो. नकाशावर खाडी म्हणजे बोटभर निळी रेघ. प्रत्यक्षात रस्ता सरळ पाण्यात उतरतो आणि संपतो! आमच्याकडं रस्ता संपला तर पुढं निदान पांदण असते. इथं लोक निवांत उभे असतात. बोट येते, लोखंडी फळी धाडकन धक्क्यावर पडते, आधी मोटारसायकली, मग टेम्पो, मग शाळेची पोरं, आणि पलीकडं रस्ता पुन्हा सुरू.

दुसरा धक्का पंचांगाचा. आमच्याकडं पंचांग लग्नाला आणि पेरणीला. खाडीकाठच्या एका खलाशीकाकांना भरतीची वेळ विचारली तर ते म्हणाले, "आज तिथी काय? तिची पाऊणपट करा." अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. ओहोटीची वाळू घट्ट असते, तिच्यावरून सायकल रस्त्यासारखी पळते. भरतीत तीच सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तेव्हा रोजचा मुक्काम आता किलोमीटरवर ठरत नाही, तिथीवर ठरतो. आणि खारं पाणी चेन खातं, म्हणून संध्याकाळी गोड्या पाण्यानं सायकल धुऊन चेनला तेल, ही अट सगळ्यांना मान्य.

पण मेहकरच्या माणसाला खरं गप्प करतात हर्णैचे बैल. मासे घेऊन होड्या आल्या की बैलगाड्या थेट समुद्रात जातात. लाट पोटाला आपटते, बैल मान हलवतो आणि उभा राहतो. पाट्या गाडीत चढतात, वाळूवर लिलाव सुरू होतो. चिखलात रुतलेली गाडी आम्ही जन्मभर काढली, पण लाटेत उभं राहायला शिकवलेला बैल पहिल्यांदाच पाहिला.

किनाऱ्याला घरांच्या भिंती, विहिरी, कुंपणंसुद्धा जांभ्याची. हाच तांबडा दगड बिदरच्या किल्ल्याखाली आहे, आणि त्यातच कोरून आमचं भुयारी पाणी गावात आणलं होतं.

दाभोळला उतरलेला सगळ्यांत मोठा पाहुणा म्हणजे इराणच्या गिलान प्रांतातला महमूद गवान. बिदरला येऊन तो वजीर झाला, 1472 मध्ये मदरसा बांधला आणि 1481 मध्ये सुलतानाच्या हुकमानं मारला गेला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर आम्ही सीमेवरचे झालो. कुठूनही पाहिलं तरी कोपऱ्यातले. गवानच्या काळात चौल आणि दाभोळ या आमच्याच गावाच्या दोन वेशी होत्या.

एकच वाद शिल्लक आहे. दाभोळहून परत रेल्वेनं यायचं, की चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून सायकलीनंच? दोघं रेल्वेच्या बाजूचे. माझं म्हणणं एवढंच, की अरबी घोडे बोटीतून उतरून घाट चढत होते आणि बिदरच्या बाजारात ताठ उभे राहत होते. आपल्या सायकलींना तर वैरणही लागत नाही.