मागच्या दाराचं कुलूप

मायकल मानच्या ‘मॅनहंटर’मध्ये खुनी सापडतो तो एका कुलपामुळं. सिनेमा १९८६ चा, टॉमस हॅरिसच्या १९८१ च्या ‘रेड ड्रॅगन’ कादंबरीवरचा. पौर्णिमेच्या रात्री कुणीतरी अख्खी कुटुंबं संपवतंय. तपासाला विल ग्रॅहम नावाच्या, नोकरी सोडून घरी बसलेल्या माणसाला बोलावून आणतात. हा गडी पुरावे थोडे बघतो आणि घरं फार बघतो. जिथं खून झाले त्या रिकाम्या घरात एकटाच हिंडतो, नसलेल्या खुन्याशी मोठ्यानं बोलतो आणि हॉटेलच्या खोलीत बसून त्या कुटुंबांनी हौसेनं काढलेल्या घरगुती फिल्म पुन्हा पुन्हा लावतो. पोरं, कुत्रं, घरातली बाई, उन्हातलं अंगण. शेवटी त्याच्या डोक्यात लख्ख पडतं. खुन्यानं कुलूप तोडायचं अवजार बरोबर आणलं होतं, पण तसलं कुलूप त्या फिल्ममधल्या मागच्या दारालाच दिसतं. म्हणजे खुनी घर बघून आला नव्हता, फिल्म बघून आला होता. सगळ्या फिल्म एकाच लॅबमध्ये धुतलेल्या, आणि खुनी त्याच लॅबमध्ये कामाला.

अमेरिकेत हा सिनेमा थिएटरात फारसा चालला नाही. त्याला मान मिळाला तो पुढं, लोकांनी तो घरात बसून, कॅसेटवर बघितला तेव्हा. घरगुती फिल्म बघून खुनी शोधणाऱ्या माणसाचा सिनेमा घरगुती पडद्यावरच फळफळावा, यात काही चुकलं असं मला वाटत नाही.

नगरला आमच्याकडं तो आला तोही कॅसेटवरच. त्या काळी टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्यानं मिळायचे. गल्लीत वर्गणी निघायची, सायकलच्या कॅरियरवर सुतळीनं बांधून यंत्र यायचं, आणि तीन सिनेमे पहाटेपर्यंत संपवायचेच, कारण सकाळी नऊला यंत्र परत. कॅसेट म्हणजे एक प्रत, तिच्यावरून काढलेली प्रत, तिच्यावरून काढलेली आणखी एक. चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या की कुणीतरी जाणता उठायचा, ट्रॅकिंगचं चाक फिरवायचा. त्यानं भागलं नाही तर यंत्राचं झाकण काढून हेड पुसायचा. कापूस आणि स्पिरिट हा झाला पुस्तकी उपाय. प्रत्यक्षात खिशातली कोरी करकरीत नोट लागायची. घडी न पडलेली नोट हेडवर हलक्या हातानं टेकवायची आणि ड्रम बोटानं फिरवायचा. नोटेवर काळी रेघ उमटली की सगळ्यांना हायसं वाटायचं. मग नोट ज्याची त्याला परत.

‘मॅनहंटर’ सगळा रंगांत बोलतो. छायाचित्रकार दान्ते स्पिनोत्ती. ग्रॅहम आणि त्याची बायको समुद्राकाठच्या घरात झोपलेत ती अख्खी चौकट निळी आहे, शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी. कॅसेट लायब्ररीवाल्याला मी एकदा म्हटलं, फार निळा सिनेमा आहे हो. तो गालातल्या गालात हसला आणि काउंटरखाली हात घालायला लागला. त्याचा गैरसमज दूर करताना माझी पुरेवाट झाली. तिसऱ्या प्रतीवर तो निळा रंग जांभळट व्हायचा, कडा पाझरायच्या. पुढं कधीतरी स्वच्छ प्रत बघितली तेव्हा सिनेमा देखणा वाटला. भीती मात्र त्या पाझरत्या प्रतीत जास्त होती.

हा देखणेपणा मला अजूनही पुरता पचलेला नाही. काचेच्या भिंती, पांढरीशुभ्र कोठडी, नीट इस्त्रीचे सूट. खून झाला तरी घर कसं नेटकं. एफबीआयच्या क्वांटिकोतल्या लोकांनी सत्तरच्या दशकात तुरुंगात जाऊन खुन्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यातून माणूस ओळखायची एक रीत बसवली, हे खरंच घडलेलं काम. पण सिनेमानं त्यातून जो नायक काढला तो तपास अधिकारी कमी आणि मांत्रिक जास्त. खुन्याच्या अंगात शिरतो, त्याच्या डोळ्यांनी बघतो, आणि बाहेर येताना स्वतः आजारी पडतो. आपल्याला हे फार आवडतं. आवडायचं कारण, मला वाटतं, त्यात आपलं घर असतं. बेडरूम असलेलं, मागचं दार असलेलं, त्या दाराला कुलूप असलेलं घर. भीती वाटायला आधी कडीकोयंडा लागतो.

हे मी लिहितोय त्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. नेवासे तालुक्यात, घोडेगावाहून आत वळायचं. गावातल्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं. कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून फळी आडवी लावतात, पडदा सोडतात. चोरी केली की शनिमहाराज बघून घेतात, अशी श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा देशभरच्या पेपरांनी फोटो छापले. त्याच्या आदल्याच वर्षी एका भाविकाच्या ऐवजाची चोरी झाल्याची तक्रार झाली होती, आणि २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणंही मिळालं. आणि ज्या गावात घराला दार नाही, तिथल्या देवाच्या उघड्या चौथऱ्यावर बायकांना मात्र २०१६ च्या गुढीपाडव्यापर्यंत मज्जाव होता. दार लाकडाचंच असतं असं थोडंच आहे.

शिंगणापुरात विल ग्रॅहम आला असता तर त्यानं काय बघितलं असतं, असा खेळ मी मनात कधीकधी खेळतो. कुलूप नाही, अवजार नाही, म्हणजे धागाच नाही.

तर तो खेळ महाराष्ट्रात खरंच खेळला गेला. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेल्या माणसांची डोकी फुटत होती. फुटपाथवर, झोपड्यांत, उघड्यावर. या लोकांना फोडायला दार नव्हतंच. कुणाच्या झोपडीला पत्रा टेकवलेला, कुणाला तेवढंही नाही. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडं तपास होता. ऑगस्टच्या अखेरीस ॲलेक्स फियाल्हो नावाच्या फौजदारानं रस्त्यात एक माणूस हेरला, तो नुसत्या आठवणीच्या जोरावर. रेकॉर्डवरचा फोटो त्याच्या डोक्यात होता. मग बोटांचे ठसे जुळले, कारण दोनेक वर्षांपूर्वी हाच इसम एकदा हाती लागून सुटला होता. रामन राघव. सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, अशी बरीच नावं. त्याच्याजवळ कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडे लिहिलेले कागद निघाले.

पकडल्यावर तो बोलेना. त्याला काय पाहिजे असं विचारलं तर म्हणाला, कोंबडी. कोंबडी खाल्ली, पुन्हा मागितली. मग जे मागितलं ते कोठडीत देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तडजोड झाली खोबरेल तेल, कंगवा आणि आरसा यांवर. तेल त्यानं अंगभर चोळलं, वास घेतला, केस विंचरले, आरशात स्वतःला निरखून बघितलं. आणि मग पोलिसांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? त्यानंतर त्यानं सगळं सांगितलं, लपवलेली लोखंडी कांबही दाखवली. कबुली ४१ खुनांची होती असं सांगतात. फाशी झाली, पण डॉक्टरांनी मनोरुग्ण ठरवल्यावर ती टळली आणि जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजारानं तो गेला.

या सगळ्यात कुणी कुणाच्या मनात शिरलं नाही. फोटो, ठसे, कोंबडी, खोबरेल. श्रीराम राघवननं १९९१ मध्ये यावर ‘रामन राघव’ केला, रघुवीर यादव रामनच्या भूमिकेत. थिएटरसाठी नाही, व्हिडिओवर चित्रित केलेला, व्हिडिओवरच फिरलेला. चित्र मळकट, आवाज फाटका, आणि त्या मळात ती माणसं नीट बसलेली. पुढं अनुराग कश्यपनं २०१६ मध्ये ‘रामन राघव २.०’ आणला, नवाजुद्दीन आणि विकी कौशलला घेऊन. सुरुवातीलाच सांगून टाकलं की ही गोष्ट त्या रामनची नाही. ते बरोबरच. नवा सिनेमा रंगीत, तालावर चालणारा, खुनी आणि पोलीस एकमेकांचे जोडीदार असल्यासारखे. मला विचाराल तर जुना व्हिडिओ कधीही. पण विचारणार कोण, त्याची बरी प्रत सहजी मिळत नाही.

१९९१ सालच विचित्र. त्याच वर्षी हॅरिसच्याच कादंबरीवरचा ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ आला, आणि त्याच वर्षी आमच्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी ‘सडक’मध्ये महाराणी उभी केली. फिल्मफेअरनं खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तो पहिला त्यांच्याच वाट्याला आला. त्याआधी ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी होताच, शांत बसून पोलिसाचं पाणी काढणारा. देशाला ज्याच्या नुसत्या हसण्यानं धडकी भरली तो माणूस नगरच्या नाट्यवेड्या मंडळींतला, हे आम्हाला कॅसेट परत करताना फार अभिमानानं सांगायला आवडायचं.

आणि माणूस ओळखायची रीत? ती आमच्या जिल्ह्याला क्वांटिकोच्या फार आधीपासून माहीत आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. गुन्हा नंतर, माणूस आधी. फासेपारधी त्यातलेच, कर्जत, श्रीगोंदे, जामखेड या भागांत त्यांची पालं आजही आहेत. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. १९५२ मध्ये तो कायदा देशभरातून गेला. पण कुठं दरोडा पडला की रात्री पहिली गाडी अजून पालावरच जाते, हे पालावरचं पोर सांगतं. पालाला दार नसतं, त्यामुळं ते वाजवायचाही प्रश्न येत नाही. ग्रॅहमला एक खुनी शोधायला दोन तास लागतात आणि त्यात त्याची तब्येत बिघडते. इथं तब्येत बिघडते ती शोधलेल्याची.

हल्ली सावेडीकडच्या एका सोसायटीत माझं येणं-जाणं असतं. गेटला कॅमेरा, जिन्यात कॅमेरा, प्रत्येकाच्या दारावर वेगळा. आमच्या वेळी घरगुती फिल्म म्हणजे लग्नाची कॅसेट. तीत मांडव, मानपान, कपाटाची जागा, नवरीच्या अंगावरचं सगळं सोनं, मागचं दारसुद्धा यायचं, आणि शूटिंगवाला ते पाहुण्यांच्या संख्येइतक्या प्रती काढून वाटायचा. आता घर स्वतःच दिवसरात्र स्वतःची फिल्म काढतंय आणि लोक ती झोपायच्या आधी मोबाइलवर बघतात. परवा ग्रुपवर एक क्लिप आली. दुपारची वेळ, खांद्यावर गोणी घेतलेला माणूस गेटपाशी थांबतो, आत बघतो, बाहेरच्या नळाला तोंड लावून पाणी पितो, तोंड पुसतो, जातो. खाली लगेच सुरू. कोण आहे हा? रेकी करतोय. पारधी दिसतोय. कशावरून? चालण्यावरून. एका काकांनी क्लिप थांबवून, माणसाच्या पायाभोवती लाल गोल काढून पुन्हा टाकली. पोलिसांना पाठवा, असं तिघांनी लिहिलं, अंगठे उमटले. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मेसेज: तो नळ अजून गळतोय, प्लंबरला कोणी सांगितलं का, आणि उद्या पाणी नक्की किती वाजता सुटणार आहे?