इति सिद्धम्

लग्नकार्यात भेटणाऱ्या मंडळींना दुसऱ्याचा व्यवसाय तीन शब्दांत कळावा लागतो. डॉक्टर आहे, बँकेत आहे, रेल्वेत आहे, फार झाले तर ‘स्वतःचा कारखाना’. चौथ्या शब्दाला त्यांचे लक्ष जिलबीकडे वळते. माझी पंचाईत अशी की, तेहतीस वर्षे विलायतेतल्या विद्यापीठांतून मी जो उद्योग केला तो तीन शब्दांत मावत नाही. ‘संगणकात आहे’ असे म्हणावे, तर समोरचे गृहस्थ आपल्या बंद पडलेल्या लॅपटॉपची कुंडली माझ्यापुढे मांडतात. ‘गणितात आहे’ म्हणावे, तर त्यांच्या नातवाची दहावी माझ्या गळ्यात पडते. खरे सांगायचे तर, प्रमेयांच्या सिद्धता मी संगणकाकडून तपासून घेत असे आणि त्या कामी लागणाऱ्या संगणकभाषांचा अभ्यास करीत असे. हे वाक्य एका मुंजीत मी एकदा शेवटपर्यंत म्हणून पाहिले. ऐकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “अगंबाई! आणि पगार कोण देतं?”

प्रश्न मार्मिक होता. त्याच्याकडे येईनच, पण आधी कामाचे सांगतो.

शाळेतली भूमितीची वही आठवा. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता आणि शेवटी ऐटीत लिहिलेले ‘इति सिद्धम्’. मास्तर लाल पेन्सिलीची खूण करीत आणि प्रकरण मिटे. आता कल्पना करा की, त्या वहीत दहा ओळींच्या जागी दोन लाख ओळी आहेत. मास्तर झाले तरी माणूसच. चाळीसाव्या पानावर त्यांना डुलकी लागणार. संगणकाच्या प्रोग्रॅमबद्दल काही सिद्ध करायचे म्हटले की वही अशी फुगते, आणि म्हणून तपासायलाही यंत्रच बसवावे लागते.

“पण प्रोग्रॅम चालवून पाहिला की झालं! सिद्ध कशाला करायचा?” असे पुष्कळजण विचारतात. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे. पण भाताचे एक शीत शिजले की शेजारचेही शिजलेले असते. प्रोग्रॅमच्या पातेल्यात तसा नियम नाही. तिथे लाख शिते मऊ निघतात आणि एक कच्चे राहते. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपचे असेच झाले. भागाकारासाठी त्या चिपच्या पोटात एक कोष्टक होते. त्यातल्या १०६६ घरांपैकी पाच घरे भरायची राहून गेली होती. बहुतेक सारे भागाकार बरोबर येत. क्वचित एखादा चुके, तोही दशांशचिन्हापुढे बऱ्याच लांबवर. अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकांच्या ते ध्यानात आले, आणि त्या पाच घरांपायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले. त्यानंतर आमच्या धंद्यातल्या माणसांना चिपच्या कारखान्यांतून मानाची बोलावणी येऊ लागली. दुसऱ्याचे नुकसान झाल्यावाचून ज्यांची किंमत कळत नाही अशा धंद्यांपैकी आमचा एक. विमेवाले आमचे सख्खे भाऊ.

या शास्त्रातली सर्वांत सुंदर कल्पना मी आमच्या अण्णांना समजावून सांगितली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. १९८९ साली मी सुट्टीवर घरी आलो असता त्यांनी मला समोर बसवले आणि म्हटले, “हं, आता सांग. तिथे तू करतोस तरी काय?”

मी रॉबिन मिल्नर यांच्यापासून सुरुवात केली. हे इंग्रज गृहस्थ १९७२ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला यंत्राकडून सिद्धता करून घेत होते. अडचण अशी येई की, सिद्धतेची प्रत्येक पायरी साठवता साठवता यंत्राची स्मृतीच भरून जाई. पुढे १९७३ पासून एडिंबरोला असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली.

“अण्णा,” मी म्हणालो, “तुमच्या कचेरीत चाळीस कारकून आहेत असं समजा. कोणी हुशार, कोणी वेंधळा, कोणी दिवसभर चहाच्या टेबलाशी. त्यांनी हवे तसे कागद तयार करावेत, मुभा आहे. पण ‘सिद्ध’ असा शिक्का फक्त हेडक्लार्कच्या खणात. त्याला दहा-बारा नियम तेवढे ठाऊक. आधी शिक्का बसलेल्या कागदांवरून, त्या नियमांनी नवा कागद निघत असेल तर तो शिक्का मारतो. एरवी ब्रह्मदेव आला तरी नाही. एकदा शिक्का बसला की कच्चे कागद फेकून द्या. जागाही वाचली.”

“आणि कारकुनांनी खणाला दुसरी किल्ली लावली तर?”

“त्यासाठीच तर मिल्नरनी नवी भाषा घडवली. ‘एमएल’ म्हणतात तिला. त्या भाषेत प्रत्येक वस्तूचा प्रकार ठरलेला असतो. हा आकडा, ही यादी, हे प्रमेय. साध्या वाक्याला प्रमेय म्हणून घुसवू पाहणारा प्रोग्रॅम चालू होण्याआधीच दारातून परत पाठवला जातो.”

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “आणि हेडक्लार्कवर कोण?”

पुढे माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत दोन विद्वानांनी मला तीन तास पिळले; पण इतका नेमका प्रश्न त्यांनीही विचारला नाही. उत्तर असे की, हेडक्लार्कला मुद्दामच अल्पशिक्षित ठेवायचे. त्याचे नियमपुस्तक इतके लहान असावे की कोणाही जाणकाराने ते एका बैठकीत वाचून पडताळावे. पुढे जॉन हॅरिसन यांनी रचलेल्या ‘हॉल लाइट’ या प्रणालीत ते चारपाचशे ओळींत बसले. तेवढ्यावर विश्वास ठेवला की बाकीच्या लाखो ओळींवर ठेवावा लागत नाही.

“म्हणजे ऑडिट करता येतं,” अण्णा समाधानाने म्हणाले. “मग ठीक आहे.” त्या दिवसापासून ते शेजाऱ्यांना ‘मुलगा ऑडिटमध्ये आहे’ असे सांगू लागले. तीन शब्द! मला जे जन्मात जमले नाही ते त्यांनी सुपारी कातरता कातरता केले.

(मिल्नर यांच्याबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या पालकांसाठी सांगून ठेवतो. त्यांनी डॉक्टरेट केलीच नव्हती. १९९१ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले, संगणकशास्त्रात त्याहून मोठा मान नाही. आमच्याकडे मात्र ‘नुसता पदवीधर’ म्हणून स्थळ नाकारले गेले असते.)

आता मावशींचा प्रश्न. पगार कधी सरकारी अनुदानातून येई, कधी येत नसे. डॉक्टरेट झाल्यानंतरची नऊ वर्षे मी तीन-तीन वर्षांच्या करारावर चार गावे फिरलो. दर तिसऱ्या वर्षी बिऱ्हाड हलायचे आणि दर वेळी आमच्या सौ.ची शाळेतली नोकरी सुटायची. तिसऱ्या गावी तिने स्वयंपाकघराची खोकी उघडलीच नाहीत; दोन पातेली, एक तवा आणि कुकर यांवर आमचा संसार चालला. मुलगा त्या खोक्यांना टेकून अभ्यास करी. मी त्या काळात काय करीत होतो? एकच हिशोब प्रोग्रॅमात दोनदा आला तर तो एकदाच करून उत्तर जपून ठेवावे, अशी काटकसर भाषांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंपायलर, आपण होऊन करीत असतो. या काटकसरीने मूळ अर्थ बदलत नाही एवढे मी एका भाषेपुरते सिद्ध करीत होतो. त्याला दोन वर्षे आणि चार महिने लागले. निबंध सोळा पानांचा झाला. तो नीट वाचलेली माणसे एका टॅक्सीत बसली असती. पाच वर्षांत ती भाषाच वापरातून गेली आणि विद्यापीठाने खर्च आवरताना आमचा गटही मोडला. माझा सर्वांत हुशार विद्यार्थी लंडनच्या एका पेढीत माझ्या चौपट पगारावर गेला. जाताना त्याने पेढे आणले होते; पेढीतला म्हणून पेढे, असा विनोदही केला. मी हसलो आणि रात्री सौ.ला म्हणालो, “आपणही परत जाऊ या का?” ती म्हणाली, “तुझं ते चालू असलेलं पुरं झालं का?” नव्हते झाले. मग राहिलो.

या उद्योगाला एक शाप आहे. तो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. सिद्धता एकदा झाली की अजरामर, असे तुम्हाला वाटेल. भूमितीतली असते. आमची कोकणातल्या कौलारू घरासारखी. तपासणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की जुन्या सिद्धता जागोजाग गळू लागतात. सत्य तेच असते, पण ते सांगण्याची रीत बदललेली असते. मग पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात तसे बसायचे एकेक कौल सारखे करीत. प्रणालींची नावेदेखील टिकत नाहीत. फ्रान्समध्ये जन्मलेल्या एका विख्यात प्रणालीचे नाव ‘कॉक’, म्हणजे फ्रेंचांचा कोंबडा. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते चारचौघांत उच्चारणे इतके अवघड जाई की, २०२५ साली तिचे ‘रॉक’ असे नवे बारसे झाले.

‘सॉरी’ हा आमच्यात पारिभाषिक शब्द आहे, हे सांगितले तर सौ.ला अजून खरे वाटत नाही. ‘इझाबेल’ आणि ‘लीन’ या प्रणालींत एखादी पायरी जमत नसेल तर तिथे ‘सॉरी’ असे लिहायचे. यंत्र तेवढ्यापुरते चालवून घेते, पुढे जाऊ देते. पण ही उधारी विसरत नाही. दर वेळी सूचना देते की इथे एक सॉरी शिल्लक आहे. घरात असे यंत्र असावे की नसावे, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत.

एवढे सोसून मिळते काय? फळवाला मोसंब्यांची रास रचतो ती आपण रोज पाहतो. गोल वस्तू याहून दाट रचताच येणार नाहीत असे केप्लर १६११ मध्ये म्हणून गेला. टॉमस हेल्स यांनी १९९८ साली त्याची सिद्धता दिली. ती तपासायला बारा परीक्षक बसले, वर्षानुवर्षे खपले आणि शेवटी ‘नव्व्याण्णव टक्के खात्री आहे’ असे सांगून मोकळे झाले. उरलेला एक टक्का हेल्सना झोपू देईना. त्यांनी जगभरची माणसे जमवून ती सारी सिद्धता यंत्राकडून तपासून घेतली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये काम पुरे झाले. सिडनीत २००९ साली एका कार्यप्रणालीच्या गाभ्याची, सुमारे ८,७०० ओळींची, सिद्धता पुरी झाली. तिला दोन लाखांच्या आसपास ओळी लागल्या. आणि झेव्हिए लरॉय यांनी फ्रान्समध्ये एक कंपायलरच सिद्धतेसकट रचला. २०११ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी नामांकित कंपायलरांवर यदृच्छेने तयार केलेल्या प्रोग्रॅमांचा मारा केला, तेव्हा प्रत्येकात दोष निघाले. लरॉय यांच्या कंपायलरच्या सिद्ध केलेल्या भागात मात्र चुकीचे भाषांतर एकही सापडले नाही. ती बातमी वाचली त्या दिवशी मी घरी जिलबी नेली होती. काम माझे नव्हते; पण आमच्या आळीतले होते.

हे सारे मनात घोळण्याचे कारण म्हणजे आमची पुतणी. गेल्या उन्हाळ्यात तिला बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी मिळत होती आणि त्याच आठवड्यात युरोपातल्या एका विद्यापीठातून या विषयात डॉक्टरेटसाठी बोलावणे आले. भाऊ माझ्याकडे आला. “तूच समजाव तिला,” तो म्हणाला. “तुझे हाल तिनं पाहिलेले नाहीत. तू सांगितलंस तर ऐकेल.”

मी तिला सगळे सांगितले. नऊ वर्षे, चार गावे, न उघडलेली खोकी, टॅक्सीभर वाचक. विद्यावेतनातून घरभाडे जाऊन काय उरते याचा कागदावर हिशोब मांडून दिला. तिची काकू मध्ये काही बोलली नाही. फक्त खोक्यांची संख्या तिने दुरुस्त केली. अकरा नव्हे, चौदा.

पोरीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “काका, ते ठीक आहे. पण आता सिद्धता यंत्रच लिहायला लागलं आहे. मी पाच वर्षांनी बाहेर पडेन तेव्हा मला काम काय उरेल?”

आमच्या पिढीला हा प्रश्न पडला नव्हता. तो टाळण्यासारखाही नव्हता. जुलै २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या यंत्रांनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या सहापैकी चार प्रश्न सोडवून रौप्यपदकाइतके गुण मिळवले. त्यातल्या तिघांच्या सिद्धता ‘लीन’मध्ये लिहिलेल्या होत्या. मी तिला अण्णांची कचेरी सांगितली. कारकून माणूस असो, यंत्र असो, थापाड्या असो, शिक्का हेडक्लार्कचाच लागतो. आणि कारकून जितका वेगाने कागद पुढे सरकवील तितका हेडक्लार्क महत्त्वाचा. शिवाय त्या ऑलिंपियाडचे प्रश्न यंत्राला समजतील अशा काटेकोर भाषेत आधी माणसांनी लिहून दिले होते. साध्य चुकीचे मांडले तर हेडक्लार्क त्या चुकीच्या साध्यावरही इमानाने शिक्का मारतो. पूल पडणार नाही असे सिद्ध करायचे असताना पूल रंगवलेला आहे असे सिद्ध करून काय उपयोग? साध्य कोणते मांडायचे, हे काम उरेल असे मला वाटते. पाच वर्षांनी ते किती जणांना पगार देईल, हे मला सांगता येईना. तसेच तिला सांगितले.

भावाने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. पुतणी सप्टेंबरात गेली.

परवा रात्री साडेअकराला तिने आपल्या पडद्याचे छायाचित्र पाठवले. नवशिक्यांचा नेहमीचा धडा आहे: यादी उलटी केली, पुन्हा उलटी केली, तर मूळची यादी मिळते हे सिद्ध करा. ऐकायला हे पोरखेळ वाटते. शेवटच्या पायरीवर तिने ‘सॉरी’ लिहिलेले होते आणि खाली विचारले होते की, इथे काय चुकते आहे? चुकत काहीच नव्हते. दोन याद्या जोडून उलटवल्या तर काय होते, ते आधी वेगळे सिद्ध करून घ्यावे लागते; ते तिचे तिला सुचायला हवे. मी फोन उशाशी पालथा ठेवला. सौ. म्हणाली, “अहो, सांगून टाका ना. पोर तिकडे जागी असेल.” मी म्हटले, “असू दे जागी.” पहाटे पाचला फोन वाजला, तेव्हा आधी उठून तो तिनेच घेतला.