सुप्याचे कागद

ऐतिहासिक नाटक लिहितोय असं सांगितलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘कुणावर?’ महाराजांवर, शंभूराजांवर, बाजीरावावर, राघोबादादावर. विनायक जनार्दन कीर्तन्यांनी 1861 मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं, तेव्हापासून मराठी ऐतिहासिक नाटकाला एक माणूस लागतो, त्या माणसाला एक व्यथा लागते आणि शेवटच्या अंकात एक लांबलचक स्वगत लागतं. मी सांगतो, ‘सुप्याच्या दंग्यावर.’ समोरचा थोडा थांबतो आणि विचारतो, ‘मग त्यात मुख्य भूमिका कुणाची?’ बरेच खर्डे होईपर्यंत मला ह्याचं उत्तर देता येत नव्हतं. आता देतो : कागदाची. निर्मात्यांना हे उत्तर आवडत नाही.

घटना थोडक्यात अशी. सुपे हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव, आज बारामती तालुक्यात येतं. 12 मे 1875 रोजी आसपासच्या खेड्यांतले कुणबी तिथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती कर्जखतं आणि हिशेबाच्या वह्या. हाती लागली ती त्यांनी जाळली. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. एवढ्या सगळ्यात माणसांना इजा मात्र फार कमी झाली. ज्या सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. सरकारी चौकशी आयोगानंही ही गोष्ट नोंदवली आहे, आणि हे नाटक लिहावंसं वाटलं ते तिच्यामुळेच. इतकी चिडलेली माणसं, आणि तरी त्यांना पक्कं ठाऊक आहे की आपला वैरी कुठल्या फडताळात ठेवलाय.

पहिला खर्डा माहितीचा होतो. तो तसाच व्हावा असं माझं मत आहे, कारण जे वाचलंय ते एकदा कागदावर सांडून टाकल्याशिवाय त्यातलं काय नको हे कळत नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक पंतोजी होता आणि त्याला जगातलं सगळं माहीत होतं. अमेरिकेत 1861 ला यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली, मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा दख्खनच्या खेड्यांत झिरपला, सावकार कापसाच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल देऊ लागले. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळला, उचल आटली. त्याच सुमाराला जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपत आली आणि फेरआकारणीत सारा कुठे दीडपट, कुठे दुप्पट झाला. हे सगळं पंतोजी पारावर बसून कुणब्यांना समजावून सांगायचा आणि कुणबी ‘अस्सं!’ म्हणायचे.

पुण्यात एका मित्राच्या घरी ह्या खर्ड्याचं अभिवाचन झालं. ऐकणाऱ्यांतल्या जवळपास प्रत्येकानं ‘अभ्यास फार चांगला आहे’ असं म्हटलं. नाटकवाल्याला ह्याहून वाईट काही ऐकावं लागत नाही. अभिवाचनात ऐकणाऱ्यांच्या बोलण्याकडे थोडं आणि त्यांच्या बसण्याकडे फार लक्ष द्यावं, असं मी हळूहळू ठरवलं आहे. माणसं सभ्य असतात, खुर्च्या नसतात. पंतोजीचं तोंड उघडलं की खुर्च्या कुरकुरायच्या. एकाच जागी कुरकुर थांबली : सावकार जुनं खत मोडून नवं लिहितो तिथे. तो प्रवेश माझ्या लेखी दुय्यम होता.

मग पंतोजी गेला आणि तो प्रवेश नाटकाच्या मध्यावर आला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे खताची मुदत तीन वर्षं. तिच्यानंतर त्या कागदावर दावा चालेना. हेतू रयतेच्या भल्याचा होता. सावकारांनी त्यातून वाट काढली ती अशी की दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवं खत करून घ्यायचं. हे प्रेक्षकाला समजावून सांगायचं नाही, त्याच्यासमोर करायचं असं ठरवलं. सावकार हिशेब मोठ्यानं मांडतो. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांचं व्याज बहात्तर, नवं खत एकशे बहात्तरचं. आणखी तीन वर्षांनी दोनशे शहाण्णव. आणखी तीन वर्षांनी पाचशे नऊ. दर वेळी तीच बैठक, तोच दिवा, तीच वाक्यं, फक्त आकडा नवा आणि कुणब्याचे केस पांढरे. अमेरिका, मँचेस्टर, मुंबई हे शब्द आता नाटकात कुठेच नाहीत. त्या बाजारातल्या चढउतारामुळे सावकाराचा आवाज एका खताला मऊ असतो आणि पुढच्या खताला कोरडा होतो. माहितीची तेवढीच खूण मी राहू दिली.

हा खर्डा बारामतीकडच्या एका गावात, शाळेच्या वर्गात वाचला. पुण्यातले श्रोते नायक शोधत होते. इथले लोक हिशेब करत होते. दुसऱ्या खताचा आकडा नटानं उच्चारायच्या आत मागच्या बाकावरून ‘दोनशे पंच्याण्णव, वर काही आणे’ असा आवाज आला, आणि तो बरोबर होता. आमचा सावकार आणे गिळून रुपया पुरा करत होता. ही लबाडी मी योजलेली नव्हती, मी नुसतंच पूर्णांकात लिहिलं होतं. आता ती संहितेत आहे, आणि कुणबी ती ओळखतो पण बोलत नाही. वाचन झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘साहेब, बाप मेल्यावर खत कुणाच्या नावानं केलं, ते नाही दाखवलंत.’ तिसऱ्या खताला तोच कुणबी न येता त्याचा मुलगा येतो, हा बदल त्यांचा. एका वाक्यात त्यांनी मला दुसरा अंक दिला. नाट्यशिबिरांत संहितेच्या विकासावर तासन्‌तास बोलणाऱ्यांकडून मला एवढं कधी मिळालेलं नाही. (मीही त्या शिबिरांत बोलतो.)

भाषेचं दुखणं वेगळं. मराठी ऐतिहासिक नाटकाला दरबारी बोली तयार मिळते. मुजरा, हुजूर, आज्ञा व्हावी, की काळ उभा राहिला. 1875 चा भीमथडीचा कुणबी कसा बोलत असेल? सरकारदरबारी त्याचं बोलणं आलं ते कारकुनाच्या लेखणीतून आणि साहेबाच्या इंग्रजीतून, धुऊन-पुसून. शहरातल्या नटाला ‘गावाकडचं बोल’ म्हटलं की तो तमाशाच्या वगातलं बोलतो, आणि लगेच हशा येतो. हशा आला की कर्ज गेलं. मी शेवटी बोलीचे सगळे हेल काढून टाकले आणि वाक्यं आखूड केली. माणूस सावकारासमोर बसला की कमीच बोलतो, मग ते शतक कुठलंही असो. आपल्याकडे कुणब्याला नाटकात प्रथम आणणारे लोक दरबारातले नव्हतेच. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ 1855 मध्ये लिहिलं, कीर्तन्यांच्या माधवरावांच्याही आधी. ते रंगभूमीच्या मुख्य वाटेवर आलं असतं तर ‘कुणावर?’ हा प्रश्न आपण जरा वेगळ्या तऱ्हेनं विचारला असता, असं मला वाटतं.

तालीम सुरू झाली आणि नाटक माझ्या हातून निघून नटांच्या अंगात गेलं. खत लिहून झाल्यावर कुणब्याचं काम करणाऱ्या नटानं सहजपणे अंगठा पुढे केला. मी थांबवलं. त्या काळी निरक्षर कुणब्याची खूण म्हणजे नांगर; कागदाखाली ‘निशाणी नांगर’, बाईची असेल तर बांगडी. नट म्हणाला, ‘मग तो नांगर काढायचा कोणी?’ तो कधी कारकूनही काढत असेल. पण आमच्या तालमीत नटानं बोरू हातात घेतला आणि स्वतः काढला. नांगर धरायची सवय असलेला हात बोरू धरताना कसा अवघडतो हे त्यानं दाखवलं, आणि त्या चार रेघांना त्यानं इतका वेळ लावला की दिग्दर्शकानं घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. तिन्ही खतांना नांगर निघतो. पहिला जरा नक्षीदार, तिसरा मुलाचा, घाईत ओढलेला.

त्यातून दंग्याचा प्रवेश सुटला. तो कित्येक दिवस अडला होता. अडचण साधी होती : रंगमंचावर कागद जाळायला नाट्यगृह परवानगी देत नाही, आणि लाल दिवा व धूर वापरला की सगळं गणेशोत्सवाच्या देखाव्यासारखं दिसतं. आम्ही कागद फाडून पाहिले, फेकून पाहिले. घोषणा लिहिल्या, काढल्या. एका तालमीला एक मुलगी, गर्दीतलीच, एकही संवाद नसलेली, फडताळातले कागद उपसता उपसता थांबली आणि तिनं विचारलं, ‘मला वाचता येत नाही ना? मग ह्यातला माझा कुठला?’ तालीम थांबली. हा प्रश्न मी एवढी वर्षं ह्या विषयात असून मला पडला नव्हता, आणि आयोगाचा अहवाल लिहिणाऱ्यांना पडायचं कारणच नव्हतं. निरक्षर माणसांच्या ताब्यात घरभर कागद आलेत. आता ती माणसं नांगर शोधतात. प्रत्येक जण कागद उजेडाकडे धरतो, हा माझा नांगर नव्हे, माझ्या बापाचा असा नव्हता, म्हणत बाजूला टाकतो. मग एक जण म्हणतो, शोधत काय बसलाय, सगळेच पेटवा. सुप्यात कुणी असा नांगर शोधल्याचं मी कुठल्याही कागदात वाचलेलं नाही. पण त्याला आड येणारंही काही वाचलेलं नाही, आणि ऐतिहासिक नाटकात लेखकाला मोकळीक असते ती एवढ्याच पट्ट्यात, असं मी धरून चालतो. कुणी कुणाला जिवे मारलं नाही हे नोंदलेलं असताना मी एक खून घुसडला असता, तर दुसरा अंक नक्कीच उभा राहिला असता. तो मोह एका निर्मात्यानं मला उघड सुचवलाही.

सावकाराचं काम करणाऱ्या नटाशी माझं सर्वांत जास्त भांडण झालं. ज्यांच्यावर लोक धावून गेले ते सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती होते. हे खरं आहे, आणि रंगमंचावर ते फार सोपं आहे. पगडी, पोट, हेल, की प्रेक्षक कुणाला हसायचं ते समजून जातो. नटाला ते नको होतं. तो विचारायचा, ‘मी कागद मुकाट्यानं दिले. का दिले? रात्री घरात काय बोललो?’ गावचा सावकार स्वतःही पेठेतल्या मोठ्या सावकाराच्या पैशावर चाले. वरून पैसा थांबला की तोही घट्ट होई. ते धरून एक छोटा प्रवेश लिहिला. घरात राख आहे, बायको पोरांना आत निजवून आली आहे, आणि तो आठवून आठवून नव्या वहीत नावं लिहितोय. आठवत नाही तिथे बायको सांगते. तिला सगळ्यांची नावं, सगळे आकडे पाठ आहेत. हा प्रवेश वाचला की काही जण नाराज होतात. सावकाराची बाजू घेतली म्हणतात. मला तो नाटकातला सर्वांत क्रूर प्रवेश वाटतो.

संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे ती अजून गेलेली नाही. तिथे गेली की प्रत बांधली जाते आणि मग शब्द हलवायचे म्हणजे पुन्हा अर्ज. गंमत म्हणजे दंग्याचा अहवाल तयार झाला त्याच 1876 साली नाटकांवर बंदी घालता येईल असा कायदाही सरकारनं केला. हा योगायोग एका पात्राच्या तोंडी घालायची फार इच्छा होती. घातला नाही; पंतोजी परत आला असता.

सध्या वाद शेवटाचा आहे. दिग्दर्शकाला नाटक आगीवर संपवायचंय. मला चौकशी आयोगाचा प्रवेश हवा आहे : टेबल, साहेब, दुभाषा, कारकून, आणि समोर उभा कुणबी. साहेब विचारतो तुझं कर्ज किती, आणि सगळी खतं जळलेली असतानाही तो खरा आकडा सांगतो, पाचशे नऊ. पुढे 1879 ला शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी कायदा झाला, पण ह्या माणसाला ते माहीत नाही आणि प्रेक्षकाला मी ते सांगणार नाही. कारकून त्याचा जबाब लिहितो आणि निशाणीसाठी कागद पुढे करतो. दिग्दर्शक म्हणतो, हा आणखी एक कागद झाला, प्रेक्षक दमेल. मी म्हणतो, दमू दे. पुढच्या अभिवाचनाला दोन्ही शेवट वाचायचे ठरलेत, आणि तेही मागच्या बाकावरून आणे मोजणाऱ्या त्याच गावात. हॉलचं भाडं कुणी भरायचं, एवढंच राहिलंय.