पळसाच्या पानावरचे आदिलाबाद

थोडे थोडे अनेक पदार्थ ठरलेल्या क्रमाने वाढायचे, प्रत्येकाबरोबर त्याला साजेसे पेय द्यायचे आणि पेयाचा हिशेब जेवणातच धरायचा, ही ‘चाखण्याच्या ताटा’ची पद्धत आज मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांमुळे लोकांना माहीत झाली आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात ती सणावारांच्या पंगतीत फार पूर्वीपासून नांदते आहे. राजगोंड, कोलाम आणि परधान या आदिवासी समाजांच्या या पंगतीत पदार्थांचा क्रम आचारी ठरवत नाही. रानात त्या वेळी काय फुलले, शेतात काय पिकले आणि त्यातले देवापुढे काय ठेवून झाले, यावर पानात काय येणार ते ठरते. पेय या क्रमाच्या बाहेरचे नसते. ज्या धान्याची भाकरी त्याच धान्याची आंबील, ज्या झाडाचे फूल खायचे त्याच झाडाची दारू, अशी ही जवळीक आहे आणि या ताटाचे सारे सौंदर्य तिच्यातच आहे.

पैनगंगेच्या दक्षिणेला काळ्या मातीचा सपाट पट्टा लागतो. तिथे कापूस, तूर आणि ज्वारी पिकते. त्यापलीकडे उटनूरच्या बाजूने जमीन उंचावत जाते आणि सागाचे रान सुरू होते. नदीच्या अलीकडे यवतमाळ आणि चंद्रपूर, पश्चिमेला नांदेड असल्याने मराठी इथे पाहुणी नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. गोंडांच्या कुळकथा किंगरीच्या साथीने गाणारे परधान घरात प्रामुख्याने मराठी बोलतात आणि देवकार्यात गोंडी गातात. त्यामुळे इथल्या पानावर भाकरी, वरण, अंबाडीची भाजी असे पदार्थ ओळखीच्या नावांनीच येतात, आणि त्यांच्या शेजारी तेलंगणातला ज्वारीचा गटकाही असतो.

या ताटाचा पाया ज्वारी. ती दळून भाकरी होते, भरडून शिजवली की घट्ट गटका होतो आणि पीठ रात्रभर आंबवून शिजवले की आंबील. उन्हाळ्यात शेतावर निघताना भांड्यात भरून नेलेली आंबील हे जेवणही असते आणि पेयही. तिची आंबट चव तोंडाला पाणी आणते, पोट थंड ठेवते आणि तिच्यामुळे कोरडी भाकरी घशाखाली सहज उतरते. भाकरीबरोबर अंबाडी आली की आंबटपणाला दुसरी बाजू मिळते: आंबिलीची आंबट चव मऊ, अंबाडीची धारदार. या दोन आंबटांच्या मध्ये तुरीचे वरण बसते. एवढ्या मोजक्या सामग्रीत चवीची इतकी बारीक जुळणी साधणारे जेवण गरिबीचे म्हणून बाजूला सारले गेले, हे मनाला लागते. एकत्रित आंध्र प्रदेशात १९८३ पासून दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. भुकेच्या दृष्टीने तो मोठा आधार होता, पण भात रोजचा झाला तसतशी ज्वारी मागे सरली आणि तिच्यासोबत आंबिलीचे भांडेही.

ज्वारीपेक्षा मोठी कथा मोहाची आहे. फाल्गुन संपता संपता मोहाची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुपके येतात. फूल रात्री उमलते आणि पहाटेपर्यंत खाली येते. पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली ती मलईच्या रंगाची, रसाने फुगलेली छोटी कुपी असते. तिच्यातूनच साखरेचा तो जड, थोडा उग्र वास सुटतो आणि सूर्य वर येईपर्यंत सारे रान त्याने भरून राहते. बाया आणि मुले उजाडण्याआधी टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. उशीर झाला तर गुरे आणि अस्वले वाटा उचलतात. कोणत्या घराने कोणत्या झाडाखाली वेचायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. झाडाखालची जमीन आधी झाडून साफ करतात, कारण ओल्या फुलाला माती लागली की ती सुटत नाही.

वेचलेली फुले अंगणात पसरतात. दोन-चार दिवसांच्या उन्हात ती आकसून मनुक्याच्या रंगाची होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकते आणि पावसाळ्यात, जुने धान्य संपून नवे यायचे असताना, घराला तारते. ते भाजून तिळाबरोबर कुटतात, ज्वारीच्या पिठात मळून त्याच्या गोड भाकरी करतात, नुसते उकडूनही खातात. फुलांनंतर फळे येतात आणि पावसाच्या तोंडावर त्यांच्या बियांतून तेल निघते. थंडीत थिजणारे हे पिवळसर तेल तळणाला चालते आणि दिव्यालाही. एकाच झाडाने गोड, तळण आणि पेय अशी पानातली तीन स्थाने भरावीत, असे उदाहरण दुसऱ्या झाडाचे क्वचितच सापडेल.

दारू करण्याची रीत साधी असली तरी तिला जाणती नजर लागते. वाळलेली फुले पाण्यात भिजवून मातीच्या मडक्यात काही दिवस ठेवतात. बुडबुडे येणे थांबले आणि वास गोडावरून आंबटावर आला की मडके चुलीवर चढते. त्यावर दुसरे भांडे, सांध्यांना ओल्या मातीचा लेप, वाफ न्यायला बांबूची नळी आणि वाफ गार करायला थंड पाणी. सुरुवातीला उतरते ती पहिली धार, सर्वांत कडक. पुढची धार मवाळ होत जाते. जाळ जास्त झाला तर करपट वास येतो, म्हणून चुलीजवळचे माणूस जागचे हलत नाही. चांगल्या मोहाला फुलाचा वास राहतो आणि मागाहून किंचित धुरकट चव येते. गुळापासून झटपट गाळल्या जाणाऱ्या गुडुंब्याशी या दारूला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. गुडुंब्याने तेलंगणातली अनेक घरे खरोखर उद्ध्वस्त केली आणि २०१५ च्या सुमारास सरकारने त्याविरुद्ध मोठी मोहीम चालवली. दारूचे दुःख आदिवासी बायांइतके कोणाला ठाऊक नाही. पण बाजारात विकायला गाळलेली दारू आणि देवापुढे ओतायला गाळलेली दारू यांतला फरकही त्याच बाया ओळखतात.

ओतण्याचा हा विधी पंगतीचा आरंभ असतो. पहिले थेंब जमिनीवर पडतात, देवाच्या आणि पितरांच्या नावाने. पळसाच्या पानाच्या द्रोणात माणसांचा वाटा त्यानंतर येतो. पेर्सा पेन या कुळदेवाची कार्ये वर्षातून दोनदा, वैशाखाच्या सुमारास आणि पौषात होतात. तेव्हा त्या कुळाची माणसे दूरदूरच्या गावांतून जमतात. बोकड, कोंबडे यांचा बळी दिला जातो, आणि ते मांस सगळ्या कुळाचे असते. ते तिथेच शिजते, तिथेच वाटले जाते, आणि वाटणीत मान चुकू नये म्हणून वडीलधारे लक्ष ठेवतात. ज्वारी, डाळीचे वडे, मांसाचा रस्सा, मोह आणि या सगळ्यांच्या मधून परधानांची किंगरी. कुळाच्या मूळपुरुषांची कथा ऐकत ऐकत त्याच कुळाचे अन्न खायचे, हे या जेवणाचे मर्म आहे. नवे पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही हा नियमही इथूनच येतो, आणि वर्षाच्या क्रमाला तोच नियम बांधून ठेवतो.

असाच नियम चुलींनाही असतो, तो केसलापुरात दिसतो. इंदरवेल्ली मंडलातल्या या गावी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. ती मेस्राम कुळाची. जत्रेआधी कुळाची माणसे अनवाणी चालत जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूपर्यंत जातात आणि पूजेसाठी गोदावरीचे पाणी घेऊन परततात. लागणारी मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून येतात. केसलापुरात मेस्रामांचा स्वयंपाक एका आवारात होतो आणि तिथे चुली २२ च असतात, कुळाच्या २२ शाखांसाठी. माणसे हजारोंनी आली तरी चुली वाढत नाहीत. पाळीपाळीने भांडी चढतात. भूक थांबते, शाखांचा क्रम थांबत नाही. याच जत्रेत कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. त्याआधी त्यांना नागोबाचे दर्शन घेता येत नाही.

दंडारी या नृत्योत्सवाची तऱ्हा निराळी. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे भव्य टोप घातलेले गुसाडी नर्तक आणि त्यांच्यासोबतचा ताफा एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, आणि ज्या गावी जाईल ते गाव त्याला जेवू घालते. आज या गावचे वरण, उद्या त्या गावची भाजी. आठवड्याभरात सगळ्या परिसराची चव एकेका घासाने कळते. चाखण्याचे ताट पायी फिरते म्हटले तरी चालेल. मारलवाईचे गुसाडी नृत्यगुरू कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या नाचाचे नाव दूरवर पोचले. त्याच्या मागे चुली पेटवणारी गावे मात्र बातम्यांत आली नाहीत.

मारलवाईचे नाव आणखी एका माणसामुळे जगाला कळले. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ सालचा, व्हिएन्नातला. गोंड बंडाचे नेते कोमरम भीम यांना १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी मारल्यानंतर गोंडांच्या तक्रारी समजून घेण्याची गरज हैदराबाद सरकारला भासली. त्या काळात हाइमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मारलवाईत राहिले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडी वाचनमाला देवनागरीत छापली गेली, कारण या भागात मराठी लिहिणारे होते. १९४८ मध्ये राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. गोंडांचे सण, कुळविधी, शेती यांचे इतके सविस्तर वर्णन आधी कोणी केले नव्हते. बेट्टी १९८७ मध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलवाईत आहे.

हाइमेनडॉर्फ ज्या मध्य युरोपातून आले तिथली आजची एक घडामोड इथे उपयोगी पडते. प्रागमधल्या ‘ला देगुस्तासिओं’ या उपाहारगृहाने २००६ पासून चेक पदार्थांचे चाखण्याचे जेवण सुरू केले आणि २०१२ मध्ये त्याला मिशेलिन तारा मिळाला. तिथल्या आचाऱ्यांनी आधार घेतला तो मारी स्वोबोदोवा यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका पाकपुस्तकाचा. कम्युनिस्ट राजवटीच्या सरकारी खानावळींनी एकसारखे करून टाकलेले जेवण मागे टाकून रानातल्या अळंब्या, नदीतले मासे, तळघरात टिकवलेली मुळे आणि फळे पुन्हा ताटावर आणायची होती. ताटाबरोबर पेये आली ती त्याच भूमीची. पिल्झेनला १८४२ मध्ये पहिली सोनेरी लागर बिअर तयार झाली होती आणि मोरावियात आलुबुखारापासून स्लिवोवित्से गाळण्याची चाल जुनी आहे. तिथला कायदा बागायतदाराला आपली फळे परवानाधारक भट्टीवर नेऊन वर्षाला ३० लिटर शुद्ध अल्कोहोलइतकी दारू कमी करात गाळून घेऊ देतो. रानातून अळंबी आणि बेरी स्वतःपुरती वेचण्याचा हक्क १९९५ च्या वनकायद्याने प्रत्येकाला आहे. रान, भट्टी आणि ताट यांना जोडणारी वाट कायद्याने खुली ठेवली, म्हणून आचाऱ्यांना तिच्यावरून पुढे चालता आले.

आदिलाबादेत हीच वाट तुटत गेली. निजामाच्या राज्यात अबकारी हे तिजोरीचे मोठे उत्पन्न होते, त्यामुळे मोहाचे गाळप घराकडून सरकारकडे आणि कंत्राटदारांकडे गेले. राखीव जंगलांमुळे कोलामांची डोंगरउतारावरची फिरती शेती संपली आणि रानात वेचायला जाणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले वेचण्यावर आणि साठवण्यावर निर्बंध आले. फूल अन्न आहे हे त्या कायद्याने विचारातच घेतले नाही. पुढे आदिवासी भागांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांच्या विक्री-सेवनाचे नियमन ही दोन्ही कामे ग्रामसभेकडे सोपवण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले. मध्य प्रदेशाने २०२२ च्या धोरणानुसार आदिवासी गटांना मोहाची दारू वारसा म्हणून गाळून विकण्याची परवानगी दिली.

आदिलाबादेत पुनरागमनाचा आरंभ गोडापासून झाला आहे. उटनूरच्या आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहफुले भाजून, शेंगदाणे, तीळ आणि गूळ घालून लाडू करते, आणि ते आश्रमशाळा-वसतिगृहांतल्या मुलींना दिले जातात, कारण रक्तक्षयाची तिथे मोठी चिंता आहे. मार्च २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी आदिलाबादच्या दोन बहिणींच्या मोहाच्या पदार्थांचा उल्लेख केला. लाडू देखणा आहे, पौष्टिक आहे, त्याला कोणाची हरकत नाही. तरीही त्याच्यावर थांबून चालणार नाही. आंबील आणि गटका यांना जत्रेच्या आवाराबाहेर, उटनूर-आदिलाबादच्या खानावळींतही जागा हवी. मोहाच्या तेलाला बाजार हवा. आणि कुळकार्यासाठी किती गाळायचे, कोणी गाळायचे, विकायचे की नाही, हे पेसाने मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार ज्या ग्रामसभेला दिला आहे तिच्या बैठकीत खरोखर ठरायला हवे, विशेषतः तिथल्या बायांच्या मताने. फुले वेचतात त्याच आणि दारूचा त्रासही सोसतात त्याच.