चाळिसावी पिढी

गेल्या महिन्यात माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, जेनेटिक अल्गोरिदम ४० व्या पिढीलाच का थांबवायचा?" मी म्हणालो, "अनुभव." तिने तो शब्द वहीत लिहून घेतला. ते मला टोचलं.

गिअरबॉक्सच्या डिझाइनमध्ये आधी जेनेटिकने रान धुंडाळायचं आणि मग उतार पाहत जाणाऱ्या ग्रेडियंट पद्धतीने तळ गाठायचा, हे आता सगळेच करतात. अडतं ते एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवण्याच्या घडीला. घाई केली तर ग्रेडियंट जवळच्या खळग्यात उतरतो आणि तिथेच बसतो. उशीर केला तर सगळी उमेदवार डिझाइनं एकसारखी झालेली असतात, पुढच्या पिढ्या फुकट जातात. शिवाय ग्रेडियंटला पूर्णांक कळत नाहीत. तो मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप, २.३१ सांगतो; दाते कापायचा हॉब सहज मिळतो तो २ चा किंवा २.५ चा. २ घेतला तर दाता मुळाशी ताण सोसत नाही, २.५ घेतला तर दोन शाफ्टमधलं अंतर वाढतं आणि जोडी केसिंगमध्ये मावत नाही. म्हणून मॉड्यूल आणि दात्यांची संख्या मी जेनेटिककडेच ठेवतो. ग्रेडियंटला फक्त दात्याची रुंदी आणि प्रोफाइल शिफ्ट. तरी थांबायचं कधी, हे उरतंच.

लांडगे, देवमासे यांच्या नावाने निघणाऱ्या शोधाच्या नव्या पद्धतींचा मला राग येतो. सँडग्रेनने १९९० मध्ये मांडलेलं चार चाकांचं कोडं त्या मांडणारे कितीतरी जण सोडवून दाखवतात: १२ ते ६० दाते, गुणोत्तर १/६.९३१ च्या जवळ न्यायचं. एकूण शक्यता ५७,६४,८०१. साधे चार लूप लावले तर आजचा संगणक त्या सगळ्या क्षणात तपासतो आणि १६, १९, ४३, ४९ हे उत्तर देतो. तिथे जिंकून काय सिद्ध होतं?

पण तिने विचारलं त्या रात्री मी माझी जुनी फाइल उघडली. ४० हा आकडा माझ्या पहिल्याच प्रोग्रॅममध्ये होता. तेव्हाच्या मशीनवर रात्रभरात तेवढ्याच पिढ्या व्हायच्या, म्हणून. पुढे व्याख्यानांत मी त्याला जाण म्हणत आलो, कारण समोरचे माना डोलवायचे आणि मला ते फार आवडायचं.

सकाळी तिला हे सांगितलं. आता उमेदवारांच्या दात्यांच्या संख्यांमधला फरक कमी होऊ लागला की आम्ही थांबतो, आणि एकच नव्हे, वेगवेगळ्या घराण्यांतले पाच उमेदवार ग्रेडियंटकडे देतो. परवा तिची जोडी माझ्या जोडीपेक्षा हलकी निघाली.