बसलेला बैल

बेंदूर आठवड्यावर आला की आमच्या बालवाडीच्या पडवीत बैल करायला मातीचं पोतं येऊन पडतं. तळ्याकाठची काळी, चिकट माती. कुंभारवाड्यातले एक आजोबा दरवर्षी न मागता पाठवतात आणि सोबतचा निरोपही ठरलेला असतो : ‘राख घालून मळा बाई, न्हायतर वाळताना तडकंल.’ यंदा पोतं सोमवारी सकाळीच आलं. मी टाचण मिटून ठेवलं. त्या आठवड्यात रंगओळख होती, ती पुढे करता येणार होती. माती मात्र आत्ता ओली होती.

पहिल्या दिवशी बैल कुणीच केला नाही. माती चाळायची, खडे वेचायचे, राख मिसळायची आणि पाणी किती घालायचं ते बघायचं, एवढ्यात सकाळ गेली. एका परातीत पाणी जास्त झालं, माती बोटांतून ओघळू लागली. ‘बाई, आमची लई भिजली.’ कोरडी माती टाकून मला ते क्षणात सावरता आलं असतं. मी पदराखाली हात धरून बसून राहिले. तिघीजणी बराच वेळ त्या राड्याकडे बघत होत्या. मग एकीने चाळलेल्या ढिगातून ओंजळ भरून आणली, अर्धी टाकली, दाबून पाहिलं, उरलेली टाकली. गोळा जमला तेव्हा तिने कुणाकडेच पाहिलं नाही. पुन्हा एकदा दाबून पाहिलं, इतकंच.

बालवाडीच्या बाईला गाणी यावीत, गोष्ट सांगता यावी, हे सगळे म्हणतात. माझ्या मते आपला हात मागे घेता येणं त्याहून अवघड आहे. मला ते फार उशिरा आलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही मुलांच्या मातीकामाचं प्रदर्शन मांडलं होतं. पाहुणे येणार म्हणून आदल्या संध्याकाळी बसून मी प्रत्येक बैलाची शिंगं सारखी केली, पाय सरळ केले, वशिंडं उचलून दिली. सकाळी एक मुलगा टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, ‘माझा कुठाय?’ त्याचा बैल त्याच्या समोरच होता. मला ते दाखवता आलं नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम मी त्यानंतर नीट समजून घेतलं. 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी माँटेसोरी पद्धतीतली महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं, काड्या मुलांच्या हाती दिल्या. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. वस्तू स्वस्त होत्या म्हणून मी हे सांगत नाही. ज्या वस्तू मुलाच्या हाताला आधीच ठाऊक आहेत तिथून सुरुवात करायची, ही त्यातली खरी गोष्ट. आमच्याकडे चिंचोके आहेत, गजगे आहेत, वाल आहेत. बुधवारी तेच निवडले.

मंगळवारचं पाणी मात्र राहून जायला नको. दोन सारखे पेले भरले. एक उंच बरणीत ओतला, दुसरा पसरट थाळीत. जास्त कुठे? सगळ्यांनी बरणी दाखवली. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी मांडून ठेवलंय, की या वयात मूल उंचीवरून ठरवतं; भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे साधारण सहा-सात वर्षांनंतर पटायला लागतं. ‘सारखंच आहे’ असं मी सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या समाधानासाठी मान डोलावली असती. मी नरसाळं पुढे सरकवलं. एक मुलगा थाळीतलं पाणी पेल्यात आणि पेल्यातलं थाळीत असं किती वेळा ओतत होता, मोजलं नाही. पोरं खिचडी खायला गेली तरी तो ओतत होता. मावशी त्याला उठवायला निघाल्या, मी खुणेने थांबवलं.

गुरुवारी एक आई दारात आली. मुलीच्या नखांत माती होती. ‘बाई, शेजारच्या शाळेतली पोरं शंभरपर्यंत लिहितात. आमची नुसता चिखल करती.’ तिचा राग मला खोटा वाटत नाही. ती पोटाला चिमटा घेऊन शिकवतेय. मी तिला आत बसवलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मताना ती सगळी मऊ कूर्चेची असतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षीही त्यातली काही हाडं व्हायचीच असतात, हे सांगितलं. मग तिच्या लेकीला एकेक वाल चिमटीने उचलून बाटलीत टाकायला लावला. अंगठा आणि दोन बोटं. पेन्सिल याच तीन बोटांत धरायची असते. आई बघत राहिली. पटलं की नाही, माहीत नाही. जाताना तिने लेकीचे हात मात्र नळाखाली स्वतः धुतले, सावकाश.

शुक्रवारी बैल झाले. सोमवारी जिने गोळा सावरला होता, तिच्या बैलाचं धड भलं दांडगं आणि पाय उदबत्तीच्या काडीसारखे. उभा केला की फतकल मारायचा. चार वेळा उभा केला, चार वेळा बसला. पाय जाड कर, हे शब्द माझ्या ओठांशी आले होते. पाचव्यांदा तिने उचललाच नाही. पाय पोटाखाली दुमडले, मान जराशी वळवली आणि समोर गवत म्हणून दोरा कुसकरून ठेवला.

‘बसलाय त्यो. दमलाय.’

पडवीत फळीवर सगळे बैल वाळत ठेवले. राख बेताची पडली होती, दोघांनाच तडे गेले. शनिवारी प्रत्येकाने आपापला ओळखून उचलला आणि पळसाच्या पानावर ठेवून घरी नेला.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी ती धावत आली. चप्पल काढायच्या आधीच सांगायला लागली. देव्हाऱ्यापुढे पाटावर तिच्या भावाचे विकतचे बैल उभे होते, तिचा एकटाच बसलेला.

‘आज्जीनं पयला त्यालाच निवद दाखवला,’ ती म्हणाली, ‘दमला हुता न्हवं!’