छपराचा हिशेब

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही सिॲटलला मुलाकडे होतो. त्याच्या घरावर आपल्यासारखी कौले नाहीत. सीडारचे लाकूड फोडून काढलेल्या जाड ढलप्या. छप्पर जुने, गळू लागलेले. कंत्राटदाराने नकाशा पाहून १,५०० चौरस फूट धरले. तिकडे छप्पर ‘स्क्वेअर’वर मोजतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. झाले १५ स्क्वेअर! आकडा स्वस्त वाटला. मुलगा सही करणारच होता.

हे बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. “अरे, ते जमिनीचे माप! छपराला उतार असतो,” म्हणत वही घेऊन बसले. बारा फुटांना सहा फूट चढ, म्हणजे १,५०० चे सुमारे १,६८० झाले. कापाकापी, तूटफूट शेकडा दहा. साडेअठरा स्क्वेअर! जुन्या ढलप्या उतरवण्याची मजुरी तर धरलीच नव्हती. “आणि लाकडाचे छप्पर, आगीचे भय. विमा कंपनीला आधी विचार.” अमेरिकेतले हे ह्यांना कुठून सुचले, देव जाणे.

मुलगा सहज वही चाळू लागला. मागच्या एका पानावर आमच्या दापोलीच्या घराचा अंदाज निघाला: मंगलोरी कौले, वासे, रिपा, मजुरी. तारीख जून २०२० ची, निसर्ग वादळानंतरची. दोन पावसाळे आम्ही ताडपत्रीखाली काढले होते. फोनवर कधी बोललो नव्हतो.

“बाबा, हे काम झाले ना?”

ह्यांनी वही ओढून घेतली. “आधी तुझे होऊ दे.”

मुलाने कंत्राटदाराचा कागद बाजूला सारला आणि ते पान पुन्हा उघडले.